रात्री घालायची लेन्स : घेण्यापूर्वी घरचे पाणी पाहा

या पानावर मी एरवी तेल्या, करपा, हुमणी यांच्याबद्दल लिहितो. आज विषय वेगळा आहे. आज आपल्या मुलांच्या डोळ्यांबद्दल लिहितो आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

डाळिंबावरच्या तेल्याची पाहणी करायला एका वस्तीवर गेलो होतो. बाग पाहून झाली, फवारणीचे बोलणे झाले आणि ओट्यावर चहा आला. घरधनी अण्णा म्हणाले, "साहेब, बागेच्या बाहेरचं एक विचारू का?" त्यांची मुलगी नववीत आहे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून गुरुजींनी चिठ्ठी पाठवली होती. तालुक्याला नेऊन डोळे तपासले, तर दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेतीन नंबर निघाला. चष्म्याची चिठ्ठी पंधरा दिवसांपासून देव्हाऱ्याच्या फळीवर पडून होती. मुलीच्या पुण्याच्या मामाने फोनवर एक नवी गोष्ट सांगितली होती. एक लेन्स मिळते, ती रात्री झोपताना डोळ्यात घालायची आणि सकाळी काढायची. दिवसभर चष्मा नको आणि नंबरही जातो म्हणे. खर्च पाच आकडी.

"दोन गायींतली एक काढतो," अण्णा म्हणाले, "पण पोरीला चष्मा नको." आतून वहिनींचा आवाज आला, "पुढं स्थळं यायची. चष्म्याची पोरगी म्हटलं की लोक चार प्रश्न विचारतात."

खरे सांगतो, मला राग आला. मी स्वतः सातवीपासून चष्मा लावतो. त्याआधी दोन वर्षे फळा दिसत नव्हता आणि सगळे मला 'ढ' समजत होते. पण मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, तिचे म्हणणे निराळे होते. ती शाळेच्या कबड्डी संघात आहे. चष्मा लावून कबड्डी कशी खेळायची, एवढाच तिचा प्रश्न. तो मला रास्त वाटला.

मी अण्णांना म्हणालो, गाय आठ दिवस विकू नका. माझे शिक्षण कृषी पदविकेचे, डोळ्यांचे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीचे नेत्रतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे तासभर बसलो, त्यांनी दिलेले वाचले, आणि जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो. असा मामा पुष्कळांच्या घरात असणार.

डोळ्यात नेमके होते काय?

डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश डोळ्यात शिरताना सर्वांत जास्त वळतो तो इथेच. ज्या मुलाला जवळचे स्वच्छ आणि लांबचे पुसट दिसते, त्याच्या डोळ्याचा गोळा बहुधा मागच्या बाजूला लांबट वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. त्यात एक मिलिमीटर जरी जादा वाढ झाली, तरी अडीच ते तीन नंबर येतो. मग चित्र आतल्या पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. चष्म्याची मायनस काच ते मागे नेऊन नेमके पडद्यावर टाकते. बस, चष्म्याचे काम एवढेच.

रात्रीच्या लेन्सची तऱ्हा वेगळी आहे. ही लेन्स कडक प्लॅस्टिकची असते, पण त्यातून प्राणवायू आरपार जाऊ शकतो. तिचा मधला भाग कॉर्नियापेक्षा चपटा आणि त्याभोवतीचे कडे जास्त वाकवलेले असते. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामध्ये अश्रूंचा पातळ थर राहतो. पापणी मिटून रात्रभर झोपले की त्या थरातला दाब कॉर्नियाच्या वरच्या सालीला मधोमध पातळ करतो आणि बाजूला थोडी जाड करतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा असतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्याने कॉर्निया मध्यभागी चपटा होतो आणि सकाळी लेन्स काढल्यावर लांबचे स्वच्छ दिसते. पहिल्याच रात्रीनंतर फरक जाणवतो. पुरता परिणाम यायला आठ-दहा दिवस लागतात. या पद्धतीला ऑर्थोकेरॅटोलॉजी असे लांबलचक नाव आहे, दवाखान्यात नुसते ऑर्थो-के म्हणतात.

म्हणजे मामा थापा मारत नव्हते. ही जादूटोण्याची किंवा रस्त्यावर विकायची वस्तू नाही. अमेरिकेत शिकागो येथे जॉर्ज जेसन या तज्ज्ञाने १९६२ साली लेन्सने कॉर्नियाला आकार देण्याची कल्पना मांडली. तेव्हाच्या लेन्स दिवसा घालायच्या होत्या आणि त्यातून हवा जात नव्हती. पुढे प्राणवायू जाऊ देणारे प्लॅस्टिक आले आणि २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रात्री घालायच्या लेन्सला मान्यता दिली, तीही साधारण मायनस सहापर्यंतच्या नंबरसाठी. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या काही नेत्र रुग्णालयांत ही सोय आहे.

नंबर जातो का?

नाही. इथेच बहुतेक लोक फसतात.

टोमॅटोला आपण काठी आणि सुतळी लावतो. सुतळी आहे तोवर झाड उभे, सोडली की लोळले. ही लेन्स त्या सुतळीसारखी आहे. दोन-तीन रात्री घातली नाही की लांबचे पुन्हा पुसट होऊ लागते. कायमची बंद केली तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत कॉर्निया जवळजवळ मूळ आकारावर येतो आणि मूळ नंबर पुन्हा दिसू लागतो. लांबट झालेला डोळ्याचा गोळा या लेन्सने आखूड होत नाही. तेव्हा पाच आकडी खर्च एकदा केला आणि सुटलो, असे समजू नका. लेन्स दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागते, धुण्याची औषधे दर महिन्याला लागतात, तपासण्या वेगळ्याच. गाय विकून पहिली जोडी येईल. दुसऱ्या जोडीला काय विकणार?

पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनाही एक सांगून ठेवतो. भरतीच्या आदल्या आठवड्यात लेन्स घालून नजर 'पास' करून घ्यावी, असा सल्ला कोणी दिला तर त्याच्या नादी लागू नका. कॉर्नियाचा नकाशा काढणारे यंत्र हा दाबलेला आकार लगेच दाखवते. आणि प्रशिक्षणात तंबूत राहून लेन्सची निगा कशी राखणार?

या लेन्सचा खरा गुण दुसराच आहे आणि तोही सांगितला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. वाढत्या वयात मुलांचा नंबर वर्षाला वाढत जातो. ही वाढ या लेन्सने मंदावते. हाँगकाँगमध्ये ६ ते १० वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. चष्मा लावणाऱ्या मुलांचे डोळे दोन वर्षांत सरासरी ०.६३ मिलिमीटर लांब झाले, रात्रीची लेन्स घालणाऱ्यांचे ०.३६ मिलिमीटर. म्हणजे वाढ सुमारे ४३ टक्क्यांनी कमी. ही काही लहान गोष्ट नाही, कारण नंबर फार वाढला तर पुढे आतला पडदा सुटणे, काचबिंदू असे धोके वाढतात. ज्या मुलाचा नंबर लहान वयातच भराभर चढतो आहे, त्याच्यासाठी डॉक्टर ही लेन्स सुचवतात ती याच कारणाने. दिवसा चष्मा नको हा त्यातला वरचा फायदा.

टीसीएल टाकलेले पाणीही चालत नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपल्या तोंडी अजूनही ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि जलसुरक्षक यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

लेन्स डोळ्यात जाताना आणि निघताना ती हाताळावी, धुवावी, डबीत ठेवावी लागते. गावात हे काम कोठे होणार? मोरीत, रांजणाशेजारी, नाहीतर अंगणातल्या नळाखाली. आपल्या विहिरीच्या, बोअरच्या, टाकीच्या पाण्यात आणि मातीत अकँथामिबा नावाचा एक डोळ्याला न दिसणारा जीव राहतो. तो पोटात गेला तर सहसा काही करत नाही. पण लेन्सखाली अडकला आणि कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने औषध घालूनही हटत नाही. संकट आले की तो स्वतःभोवती कठीण कवच करून पडून राहतो, हुमणीचा भुंगा जमिनीत दडून पावसाची वाट पाहतो तसा. त्या कवचाला पिण्याच्या पाण्यात आपण टाकतो तेवढ्या क्लोरीनने काही होत नाही. म्हणजे टीसीएल पावडर वेळेवर टाकली, ओटी टेस्टही बरोबर आली, तरी ते पाणी पिण्याला चांगले, लेन्सला नाही. जारचे थंड पाणी नाही, फिल्टरचे नाही आणि उकळून गार केलेलेही नाही. लेन्स धुवायची ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या निर्जंतुक द्रावणानेच. डबीही त्यानेच धुवायची, कोरडी करायची आणि ठरल्या मुदतीत बदलायची. थुंकी लावून लेन्स ओली करणे तर बोलायलाच नको.

यात मी घाबरवतो आहे असे वाटेल. म्हणून एक हकिकत सांगतो. चीन आणि आसपासच्या देशांत २००० सालाच्या सुमारास या लेन्सची लाट आली. पुरेसे शिक्षण नसलेल्या लोकांनीही त्या बसवून दिल्या. पुढे कॉर्नियात जंतुसंसर्ग झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. २००५ साली सिडनीच्या दोन संशोधिकांनी जगभर नोंदवलेल्या पहिल्या ५० रुग्णांचा आढावा घेतला. बहुतेक रुग्ण पूर्व आशियातले होते आणि निम्म्याहून अधिक ९ ते १५ वर्षांची मुले होती. सुमारे तीस टक्के रुग्णांत हाच अकँथामिबा निघाला. नळाच्या पाण्याने लेन्स किंवा डबी धुणे हे त्यातले ठळक कारण. बाकीच्यांत मोठा वाटा होता स्यूडोमोनास या जंतूचा. तोही ओल्या जागेतलाच, आणि कॉर्निया एक-दोन दिवसांत पोखरून काढतो.

पुढे नियम कडक झाले, लेन्स सुधारल्या. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हिशेब निघाला तो असा, की १० हजार मुलांनी वर्षभर ही लेन्स वापरली तर सुमारे १४ मुलांना कॉर्नियाचा संसर्ग होतो. प्रमाण लहान आहे. पण ते तिथल्या पाण्याचे, तिथल्या तपासणीचे प्रमाण. आपल्या मोरीचा हिशेब त्यात नाही.

आणि आपल्याला हा आजार नवा नाही, फक्त नाव नवे. डोळ्यात उसाचे पाते किंवा ज्वारी-बाजरीचे कूस गेले, आठ दिवस दुर्लक्ष झाले आणि 'डोळ्यात फूल पडले' असा एक तरी माणूस प्रत्येक गावात आहे. ते फूल म्हणजे कॉर्नियावरच्या जखमेचा पांढरा व्रण. परदेशात अकँथामिबाचे रुग्ण बहुतेक लेन्स वापरणारे असतात. आपल्या देशात मात्र माती-कचरा किंवा घाण पाणी डोळ्यात गेलेले, शेतात काम करणारे लोकच त्यात जास्त सापडतात. म्हणजे जंतू आपल्या रानातलाच आहे. लेन्स लावून त्याला आत यायला दार करून द्यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रात्री डोळा लाल झाला तर?

अण्णांना मी विचारले, तुमच्या वस्तीवरून ही लेन्स बसवणारा डॉक्टर किती लांब? त्यांनी हिशेब केला. वस्तीवरून फाट्यापर्यंत मोटारसायकल, फाट्यावरून एसटी, पुढे दुसरी एसटी. साडेचार तास, तेही गाडी वेळेवर आली तर.

पहिली रात्र झाली की सकाळी तपासणी असते. मग आठवड्याने, महिन्याने आणि पुढे दर तीन-सहा महिन्यांनी. लेन्स नीट मधोमध बसते का, कॉर्नियावर ओरखडा नाही ना, हे यंत्राखालीच दिसते. डोळा दुखत नाही म्हणून तपासणी चुकवली, असे चालत नाही. रोज सहा ते आठ तास सलग झोपही हवी. आता पाहा, आपल्याकडे कृषिपंपाला वीज रात्रीची आली की अख्खे घर उठते. पोरगी बॅटरी धरायला बांधावर जाते. तेव्हा लेन्स डोळ्यात ठेवून मातीत फिरायचे, की अंधारात काढून ठेवायची?

ज्यांच्या मुलांना ही लेन्स आधीच लावलेली आहे त्यांच्यासाठी चार शब्द. हात साबणाने धुवा आणि स्वच्छ फडक्याने कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा. सकाळी लेन्स चिकटून बसली असेल तर ओढू नका. सांगितलेले थेंब टाका, डोळा मिचकावत राहा, ती हलू लागली की काढा. ताप-सर्दी असेल त्या रात्री लेन्सला सुट्टी. डोळा लाल झाला, ठणकला, उजेड सहन होईना, पाणी वाहू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स काढा, पुन्हा घालू नका आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्या, त्यावरून जंतू ओळखायला मदत होते. मध, एरंडेल, अंगावरचे दूध यातले काही डोळ्यात घालू नका. मेडिकलच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' मागून आणण्याची सवय तर फारच वाईट. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि आत जंतू माजतो. मजूर लोक हेच करतात आणि डोळा गमावतात, असे डॉक्टरसाहेब कळवळून सांगत होते.

मग नंबर वाढू द्यायचा का?

अजिबात नाही. पण सुरुवात गाय विकण्यापासून नको.

पहिली गोष्ट म्हणजे तपासणी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येते. दृष्टिदोष हा त्यांच्या तपासणीतला एक भाग आहे. पथक येणार त्या दिवशी मुलांना कांदे काढायला घरी ठेवू नका. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीने ती तारीख आधी माहीत करून घेऊन दवंडी दिली किंवा गावाच्या ग्रुपवर टाकली, तर पुष्कळ काम होईल. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी बहुतेक ठिकाणी असतात. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे. तो मागून घ्या, त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट फुकटची आहे, ऊन. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा मैदानावर ठेवले. हा प्रयोग तीन वर्षे चालला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, मैदानावर गेलेल्यांत ३०.४ टक्के. तैवानमध्ये तर २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीम आहे. आपली मुले खेड्यातली, त्यांना उन्हाची काय कमी, असे आपण म्हणतो. पण सकाळी शिकवणी, दिवसभर वर्ग, संध्याकाळी मोबाईल, असे वेळापत्रक झाले की वस्तीवरचे पोरही शहरातल्यासारखेच घरकोंबडे होते. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या गुरुजींनाही हे कळवा. मात्र ऊन नंबर लागणे लांबवते. लागलेला नंबर त्याने उतरत नाही, तेव्हा चष्मा टाळू नका.

नंबर फार वेगाने वाढत असेल तर अॅट्रोपीनचे सौम्य थेंब आणि खास काचा असेही उपाय आहेत, पण ते नेत्रतज्ज्ञाने तपासून सांगायचे. लेसरची शस्त्रक्रिया अठरा वर्षे पूर्ण होऊन नंबर स्थिर झाल्यावरच. आणि शेतात काम करणाऱ्याला चष्म्याचा एक जादा फायदा आहे, जो रात्रीच्या लेन्समध्ये मिळत नाही. उसाचे पाते आधी काचेला लागते, डोळ्याला नाही. शिवाय भिंगातून फुलकिडे मोजताना माझा चष्मा कधी आड आलेला नाही.

आठ दिवसांनी वस्तीवर पुन्हा गेलो. हे सगळे अण्णांना सांगितले, वहिनींनाही सांगितले. मुलीला विचारले, समोरून चढाईला येणारी मुलगी तुला बिनचष्म्याची दिसते का? म्हणाली, "काका, ती दिसते की. फळा दिसत नाही." नेत्रतज्ज्ञांनीही हेच सांगितले होते, की एवढ्या नंबराला मैदानावर चष्मा काढून ठेवला तरी चालेल आणि त्याने नंबर वाढत नाही. वर्गात मात्र हवाच. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण चहाचे कप उचलताना म्हणाल्या, "फ्रेम तरी बरी बघा म्हणावं."

चष्मा आला आहे. गाय गोठ्यात आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, आणि नंबर पाऊणच्या वर चढला तर जिल्ह्याला जाऊन थेंबांबद्दल विचारायचे, असे ठरले आहे. ती तारीख मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाखाली लाल पेनाने लिहून ठेवली. ओट्याच्या दुसऱ्या टोकावरून मला वाचून दाखवली, तेव्हा चष्मा तिच्या नाकावर होता.